शेती हाही जुगारच, मग पत्त्यांना दोष का?



धान विकून चुकारे हाती येऊ लागले की आपल्या भागात आणि पलीकडे गडचिरोलीच्या हद्दीत रानातला कोंबडबाजार जोर धरतो. झाडीत मोकळी जागा पाहून रिंगण आखायचे, कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधायची आणि कोणता पडतो यावर पैसे लावायचे. सट्टापट्टी तर बारा महिने चालते. पोळ्याला बावन्न पत्ते निघतात, मंडईत नाटकाच्या मंडपामागे झंडीमुंडीचा पट पसरतो. या सर्वांना मागे टाकील असा अड्डा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याला रान लागत नाही, पहारेकरी लागत नाही, अंधारही लागत नाही.

याविरुद्ध प्रवचन करणे सोपे आहे. 'जुगार वाईट' असे म्हटले की सर्वजण माना डोलावतात आणि मिस्सा संपल्यावर ज्याला खेळायचे तो खेळतोच. म्हणून आज या पानावर आम्ही एक वाद विचारात घेणार आहोत. हा वाद आपल्याच शेतकरी बांधवांचा आहे. घरभेटींत तो आम्ही अनेकदा ऐकला आहे, आणि तो मांडणारे सगळेच खेळणारे असतात असे नाही. ते म्हणतात, "फादर, शेती म्हणजे तरी काय? जुगारच ना? पऱ्हे टाकले तर पाऊस नाही. रोवणी झाली तर तुडतुडा. पीक उभे राहिले तर रानडुक्कर. त्यातूनही वाचले तर भाव नाही. आम्ही जन्मभर लावतच आलो आहोत. मग दहा रुपये पट्टीवर लावले तर पाप कुठले?"

हे बोलणे हसून उडवण्यासारखे नाही. यात दुःख आहे आणि विचारही आहे. आपण तो नीट तपासून पाहू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावी. चिठ्ठी टाकणे, नशिबावर एखादी गोष्ट सोपवणे, यातच पाप आहे असे ख्रिस्तसभेने कधी शिकवलेले नाही. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायचा होता तेव्हा प्रेषितांनी प्रार्थना करून चिठ्ठ्याच टाकल्या आणि मत्थियाची निवड झाली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात आपण वाचतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेखाली परिच्छेद २४१३ मध्ये या विषयावर मोजक्याच ओळी आहेत. त्यांचा आशय असा: नशिबाचे खेळ आणि पैजा या स्वतः न्यायाच्या विरुद्ध नाहीत, पण त्यांच्यामुळे माणसाच्या स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचा पैसा हिरावला जातो तेव्हा ते नैतिकदृष्ट्या अस्वीकार्य ठरतात, आणि खेळाची ओढ माणसाला गुलाम करू शकते. पुष्कळांना हे मत फार सौम्य वाटेल. आम्हाला ते सौम्य वाटत नाही. ज्या घरात गरजेपलीकडचा पैसा मुळी नाहीच, त्या घराला या ओळी जवळजवळ पूर्ण बंदीच सांगतात.

आपल्या बायाबापड्यांची भिशी घ्या. दर महिन्याला सगळ्या जणी ठरलेली रक्कम टाकतात, चिठ्ठी निघते, जिचे नाव येईल ती रक्कम उचलते. इथेही चिठ्ठी आहे, उत्सुकता आहे, नशीबही आहे. पण वर्ष संपेपर्यंत प्रत्येकीला तिचा पैसा मिळतो. चिठ्ठी फक्त क्रम ठरवते. कोणाच्याही घरचे धान त्यात बुडत नाही.

आता मटक्याची चिठ्ठी पाहा. मुंबईत हा धंदा सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर पैसे लावण्यातून. ते भाव येणे बंद झाल्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी मातीच्या मडक्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढू लागले, म्हणून नाव पडले मटका. पुढे गिरणगावचा कामगार त्याचा मोठा गिऱ्हाईक झाला. मडके केव्हाच गेले, नाव राहिले, आणि तेच आकडे आपल्याकडे सट्टापट्टी म्हणून येतात. यातला हिशेब आपल्या शाळकरी मुलांनाही समजेल. दहा आकड्यांपैकी एकावर दहा रुपये लावले आणि तो लागला, तर साधारण नव्वद रुपये मिळतात. दहांतून एकदा लागायचे तर न्यायाने शंभर मिळायला हवेत. प्रत्येक शंभरामागे दहा रुपये चालवणाऱ्याकडे राहतात. 'दहाच रुपये ना,' असे वाटेल. पण खेळणारा जिंकलेले पैसे घरी नेत नाही, ते पुन्हा लावतो. हजार रुपये असे फिरवत राहिले तर सरासरीने पहिल्या फेरीत नऊशे उरतात, मग आठशे दहा, मग सातशे एकोणतीस. दहाव्या फेरीनंतर साडेतीनशेच्या आत, बाविसाव्या फेरीनंतर शंभराच्याही आत. यात कोणी लबाडी केलेली नाही, हे लक्षात घ्या. सरळ हिशेबाने चाललेल्या पट्टीचीच ही गोष्ट आहे.

आता शेतकरी बांधवांच्या प्रश्नाकडे वळू. शेती आणि जुगार यांत सारखे काय आहे? पुढे काय होईल ते ठाऊक नसणे. दोन्हीकडे आज हातचे द्यायचे आणि उद्याची वाट पाहायची. पण या अनिश्चिततेशी दोघे कसे वागतात ते पाहिले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी पावसाचा भरवसा नाही म्हणून काय केले? बांध्यांच्या वर बोड्या खोदल्या. या पूर्व विदर्भात जे मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते बांधणाऱ्यांना पाऊस लहरी आहे हे चांगलेच माहीत होते. त्यांनी पावसावर पैज लावली नाही. पाणी अडवून त्यांनी लहरीपणाचे नख कापले. आपल्या सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात धानाच्या नव्या जाती शोधतात तेही याचसाठी, की शेतकऱ्याची चिंता थोडी कमी व्हावी. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्यांचे बी बाजूला ठेवले, वर्षानुवर्षे निवडून पुन्हा पुन्हा पेरले, आणि त्यातून एचएमटी नावाचे धान झाले, जे आज दूरदूरच्या बाजारात विकते. ती लोंबी दिसणे हे नशीब म्हणा हवे तर. त्यानंतरची वर्षे नशिबाची नव्हती. दादाजी २०१८ साली गेले, फार श्रीमंत होऊन गेले नाहीत, हेही इथे नोंदवले पाहिजे.

शेतकरी असा अनिश्चिततेशी भांडत असतो. जुगारात ती मुद्दाम निर्माण केलेली असते. कोंबडा कोणता जिंकणार हे आधीच ठरले तर कोंबडबाजार भरणारच नाही. शेतात मात्र पीक येणार हे आधी ठरले तर शेतकरी देवाचे आभार मानील.

आणि दुसरा फरक आम्हाला याहून मोठा वाटतो. तुमच्या बांधीत पाऊस पडावा म्हणून तुम्ही प्रार्थना करता तेव्हा शेजाऱ्याची बांधी कोरडी राहावी अशी प्रार्थना करावी लागते काय? तो पाऊस धुरा ओळखत नाही. येशूने आपल्या स्वर्गीय पित्याविषयी हेच सांगितले, की तो नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. तुमचे धान चांगले पिकले म्हणून शेजाऱ्याचे कमी होत नाही. शेवटी जगात पूर्वी नव्हता असा तांदूळ तयार होतो. पत्त्यांच्या डावात नवे काहीच तयार होत नाही. पाच जणांनी शंभर शंभर रुपये टाकले तर उठताना पाचशेच असतात, अड्डेवाल्याचा वाटा गेला तर त्याहून कमी. म्हणून मी जिंकावे अशी इच्छा करणे म्हणजे माझ्यासमोर बसलेल्याने हरावे अशी इच्छा करणे. तो कोण असतो? गावचाच असतो. त्याची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात. 'शेजाऱ्यावर प्रीती कर' ही आज्ञा तोंडपाठ असलेला माणूस दोन तास बसून मनोमन शेजाऱ्याचे वाईट मागत असतो, आणि त्याला ते जाणवतही नाही, कारण समोर पत्ते असतात. कालवरीवर शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या त्या प्रभूच्या अंगरख्यासाठी. तीही चिठ्ठीच, जशी मत्थियासाठी टाकलेली. पण ज्याचा अंगरखा होता तो वर क्रुसावर होता, आणि खाली बसलेल्यांना वर पाहायला सवड नव्हती.

शेती आणि फासे यांची तुलना आपल्या देशात फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. बायको दुरावलेली, सासू तिरस्कार करणारी, कोणी दया न करणारे, असा तो माणूस आहे, आणि त्याला मिळालेला उपदेश असा की फासे टाक आणि आपली शेती कर. आपल्या शेतकरी बांधवांच्या वादाचे उत्तर इतक्या वर्षांपूर्वी दिले गेले आहे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नाही असा निर्णय दिला, तेव्हा न्यायमूर्तींनीही या सूक्ताची आठवण काढली होती.

काही जण दुसऱ्या वाटेने येतात. विशेषतः तरुण. "पैसा माझा, मर्जी माझी. हरलो तर मी हरलो." पैसा खरोखर तुझा आहे काय, हा पहिला प्रश्न. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी दानधर्माचा विचार करताना एक विचित्र वाटणारा प्रश्न घेतला आहे: जुगारात मिळालेल्या पैशाचे दान करता येईल काय? त्यांचे उत्तर बारकाईचे आहे. ज्यांना आपली मालमत्ता देण्याचा अधिकार नाही, जसे अज्ञान मुले किंवा ज्यांचे मन ठिकाणावर नाही असे लोक, त्यांच्याकडून जिंकलेले परत केले पाहिजे. ज्याने लोभापायी दुसऱ्याला खेळात ओढले त्यानेही परत केले पाहिजे, आणि ज्याने लबाडीने जिंकले त्यानेही. जे परत करायचे ते दानात देता येत नाही. सातशे वर्षांपूर्वीचा हा विचार आमच्या मते आजच्या मोबाइलला अगदी लागू पडतो. पहिले पन्नास रुपये फुकट देऊन खेळायला बोलावणे म्हणजे ओढणे नव्हे तर काय? आणि रात्री दोन वाजता, तीन हजार हरल्यावर ते भरून काढण्यासाठी आणखी पाच हजार लावणाऱ्याचे मन ठिकाणावर असते काय?

पाप-निवेदनात आम्ही जे ऐकतो ते कोणत्याही पानावर कधी येणार नाही. पण रस्त्यावर सर्वांना दिसते ते लिहायला हरकत नाही. बचत गटातून बायकोच्या नावावर कर्ज निघते आणि हप्ता भरायला ती धुणीभांडी करते. ऑगस्ट २०२४ पासून बहिणींच्या खात्यात दीड हजार रुपये येऊ लागले, ते कोणत्या तारखेला येतात हे काही घरांत तिच्याआधी त्याला कळते. तेंदूपत्त्याची मजुरी मिळते, आणि जूनमध्ये मुलाची वही घ्यायला पैसे नसतात. 'मी हरलो' असे म्हणणारा एकटा कधीच हरत नाही. डावात बायकोला कोणी बसवलेले नसते, तरी पहिली हार तिची होते. द्रौपदीची कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, आणि तिने सभेत विचारलेल्या प्रश्नाला ज्येष्ठांना नीट उत्तर देता आले नव्हते, हेही.

चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या मोठ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. बंदीने काय साधले यावर आपल्यातही दोन मते आहेत, त्यात आज शिरत नाही. पण दारूचे एक बरे होते, असे म्हणावे लागते. तिचा वास येतो. दुकान दिसते, बायका मोर्चा नेऊ शकतात. मोबाइलला वास नाही. माणूस अंगणात खाटेवर शांत बसलेला असतो, शिवी नाही, मारहाण नाही, आणि आतल्या आत शेत जात असते. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार केली, आणि पोलिसांचा छापा पडला तो गोंदियात. आपल्या स्टेशनवरून जी गाडी जाते तिच्याच मार्गाचे ते दुसरे टोक. हे मोठ्या शहरांचे दुखणे आहे असे समजू नये. शिकलेल्यांनीही आपण वेगळे आहोत असे मानू नये. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शेअर बाजारातील वायदे आणि ऑप्शन्स खेळणाऱ्या व्यक्तींपैकी शंभरातल्या त्र्याण्णव जणांना तीन वर्षांत तोटाच झालेला दिसला. एखाद्या कंपनीचे शेअर घेऊन वर्षानुवर्षे ठेवणे ही गोष्ट निराळी, ती आपल्या बियाण्यासारखी आहे. दिवसभरात भाव वर की खाली यावर लावणे हे कोंबड्यांच्या झुंजीला जवळचे.

सरकारविषयी थोडे. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, आणि १९६९ पासून राज्याची स्वतःची लॉटरी. १९७६ मध्ये कॅसिनोसाठी कायदा केला गेला, तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. हे चांगले झाले. गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभी राहिली तेव्हा तिथल्या ख्रिस्तसभेची सामाजिक न्याय व शांती परिषद त्यांच्या विरोधात बोलत राहिली. जहाजे अजून तिथेच आहेत. तरी ते बोलणे व्यर्थ गेले असे आम्हाला वाटत नाही. पर्यटनाच्या नावाखाली काय चालते, हे झाकलेले राहिले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात एक गोष्ट लक्षणीय आहे: शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाची देवघेव करून देणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. खेळणारा हा फसलेला आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. ख्रिस्तसभेनेही त्याच्याशी असेच वागावे. २०१३ पासून मानसरोगांच्या जागतिक मान्यतेच्या अमेरिकन सूचीत जुगाराची ओढ ही दारूच्या व्यसनाबरोबर ठेवली आहे. तिला उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत, नाव विचारून कोणी गावात सांगत नाही.

शेतकरी बांधवांच्या बोलण्यात एक भाग मात्र खरा आहे आणि तो आम्ही मान्य करतो. वर्षभर राबूनही जेव्हा हिशेब जुळत नाही, तेव्हा श्रमाला फळ मिळते हा विश्वासच ढळतो, आणि मग संध्याकाळी निकाल देणारी पट्टी शहाणपणाची वाटू लागते. चुकारे तीन-तीन महिने रखडतात तेव्हा माणूस सावकाराच्या दारात जातो, आणि सावकाराच्या व्याजापेक्षा कोंबड्याची आशा स्वस्त वाटते. असे असता नुसते 'खेळू नका' म्हणणारी ख्रिस्तसभा अर्धेच काम करते. म्हणून धर्मग्राम मंडळापुढे आम्ही असा विचार ठेवला आहे, की धान विकल्यापासून चुकारे येईपर्यंतच्या काळासाठी बिनव्याजी छोटी उसनवारी देणारा एक निधी उभा करावा. तो महिला मंडळाच्या हाती असावा आणि पैसे घरातील स्त्रीच्या खात्यात जावेत. रक्कम लहान असेल. आपला धर्मग्रामही लहान आहे.

वेदीसाठी येणाऱ्या देणग्यांविषयी आमची भूमिका संत थॉमस यांच्याच उत्तराची आहे. जो अड्डा चालवतो, पट्टी घेतो किंवा कोंबडबाजारात वाटा ठेवतो, त्याची देणगी मोठी असली तरी स्वीकारली जाणार नाही. ज्यांचे गेले त्यांना त्याने आधी परत करावे. कोंबड्याविषयी सहज आठवले: आपल्या परंपरेत कोंबडा आहे तो संत पेत्राला त्याचे नाकारणे आठवून देणारा. त्याच्या पायाला काती बांधणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

राहिला प्रश्न आपल्या सणाच्या लकी ड्रॉचा. कोणीतरी तो विचारणारच, आणि विचारलाच पाहिजे. दहा रुपयांचे तिकीट, बक्षीस म्हणून सायकल आणि कुकर, उरलेला पैसा मंदिराच्या छतासाठी. वर सांगितलेली कसोटी लावली तर यात मोठा दोष निघत नाही. दहा रुपये देणाऱ्याला छतासाठी देत आहोत हे माहीत असते, आणि कोणाच्या घरची चूल त्यामुळे विझत नाही. तरीही दोन गोष्टी आम्हाला खटकतात. तिकिटे विकायला मुलांना दारोदार पाठवले जाते, आणि ज्यांच्या घरात खेळण्याची ओढ आहे तेही एकेका वेळी वीस-वीस तिकिटे घेतात. आमचे मत ड्रॉ बंद करून छतासाठी सरळ वर्गणी मागावी असे आहे. मंडळातील काहींचे मत वेगळे आहे, की वर्गणी म्हटली की लोक देत नाहीत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात यावर आणि निधीवर बोलू. कुटुंबातील स्त्रियांनी अवश्य थांबावे, स्वयंपाकाची घाई असली तरी. ज्यांना सर्वांसमोर बोलायचे नसेल त्यांनी पहिल्या मिस्सेआधी आम्हाला भेटावे. सहा वाजता दार उघडे असते.